घर बदलताय आणि कुंड्यांत शंखी गोगलगाय आहे? मग बाग अशी आवरा

भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि कढीपत्त्याला नीट भरायला दोन-तीन वर्षं. शहरात कुंड्यांत बाग करणाऱ्यांचं हे जुनं दुखणं. घर बदलायची वेळ आली की बहुतेक जण सगळ्या कुंड्या टेम्पोत चढवतात, नाहीतर शेवटच्या आठवड्यात शेजाऱ्यांना, कामाच्या मावशींना, सोसायटीच्या माळीदादांना वाटून मोकळे होतात. बाग निरोगी असेल तर दोन्ही ठीक. पण कुंड्यांत शंखी गोगलगाय, किंवा पिठ्या ढेकूण आणि चक्राकार पांढरी माशी या झाडांचा रस शोषणाऱ्या किडी ठाण मांडून बसल्या असतील, तर ती बाग नेऊही नये आणि वाटूही नये. आहे तिथेच नीट संपवावी आणि सोबत बी न्यावं, फार तर धुतलेली चार रोपं. ते कसं करायचं, हे क्रमाने सांगते.

एवढं कडक कशासाठी

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखांच्या इंग्रज अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत ती सुटली. तिथून देशभर पसरली ती काही चालत नव्हे. नर्सरीच्या रोपांतून, मातीच्या गोण्यांतून, ट्रकमधून आपणच तिला गावोगाव पोचवलं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तिने सोयाबीनची कोवळी रोपं जमिनीलगत फस्त केली. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि सरकारला नुकसानीची मदत जाहीर करावी लागली. बाल्कनीत ती चार पानं कुरतडते म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही. पण घर बदलून तुम्ही गावाकडे, शेताच्या शेजारी, निदान बंगल्याच्या बागेजवळ जाणार असाल तर हिशेब पार बदलतो.

हिच्या बाबतीत ‘एखादी आली तर आली’ म्हणून चालत नाही. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींचे अवयव असतात, आणि एकदा संग झाला की पुढे कित्येक महिने ती एकटीच अंडी घालू शकते. एका वेळी शंभर ते चारशे अंडी, तीही मातीच्या वरच्या थरात. म्हणजे एक कुंडी, एक गोगलगाय, आणि नव्या जागेत वसाहत तयार.

पिठ्या ढेकणाची कथा वेगळी नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा २००८ मध्ये कोइमतूरला सापडला. त्याने पपई आणि तुतीच्या बागा पोखरल्या, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडाव्या लागल्या. त्या शेतात उत्तम काम करतात. चौथ्या मजल्यावरच्या जाळी लावलेल्या बाल्कनीत, जिथे दर रविवारी फवारा बसतो आणि मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात, तिथे त्यांचं फारसं चालत नाही. चक्राकार पांढरी माशी तर अगदी अलीकडची, २०१६ मध्ये पोल्लाचीजवळ नारळावर दिसली आणि काही वर्षांतच कोकणातल्या माडांपर्यंत आली. कुंडीतल्या अरेका पामवर, पेरूवर, केळीवर ती आनंदाने राहते. अशी कुंडी मुंबईहून श्रीवर्धनला घेऊन जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दीड महिना आधी: तपासणी

सामान बांधायच्या आठवड्यात बागेकडे पाहायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून हे काम निदान सहा आठवडे आधी सुरू करा. सगळ्या कुंड्यांवर खडूने किंवा मार्करने आकडे टाका आणि वहीत एकेका ओळीत नोंद ठेवा. कंटाळवाणं आहे, पण तिसऱ्या दिवशी ‘ती कुठली जास्वंद, डावीकडची की उजवीकडची’ असा घोळ होत नाही.

गोगलगाय दिवसा दिसत नाही. संध्याकाळी कुंड्यांना पाणी घाला, एक गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून कुंड्यांच्या मध्ये पसरा आणि रात्री दहानंतर टॉर्च घेऊन बाहेर या. शेतकऱ्यांना कृषी विभाग सांगतो तीच ही युक्ती, बाल्कनीतही चालते. गोणपाट नसेल तर पपईची सालं किंवा कोबीची पानं ठेवा. सकाळी गोणपाट उलटून पाहा. पानांवर वेड्यावाकड्या कडांची भोकं, फरशीवर वाळलेली चकचकीत रेघ आणि कुंडीच्या कडेला काळपट दोऱ्यासारखी विष्ठा, यातलं काहीही दिसलं तर ती आहे असं धरा.

इथे एक मोठा चकवा आहे. घरं बहुतेक मे महिन्यात बदलली जातात, मुलांच्या शाळा संपल्यावर. आणि मे महिन्यात कुंडी अगदी स्वच्छ दिसते, कारण उन्हाळ्यात गोगलगाय शंखाचं तोंड पांढरट पडद्याने बंद करून महिनोन्महिने निपचित पडून राहते. गुळाचं गोणपाटही तेव्हा रिकामं निघेल. म्हणून उन्हाळ्यात खालून तपासा. कुंडी आडवी करा. ड्रेनेजच्या भोकात, कुंडी आणि ताटली यांच्या मधल्या फटीत, ग्रोबॅगच्या घडीत आणि दोन रिकाम्या कुंड्या एकात एक घातल्या असतील तर त्यांच्या मध्ये पाहा. एकदा अशाच रिकाम्या कुंड्यांची चवड सोडवताना सगळ्यात आतल्या कुंडीच्या तळाशी तीन शंख चिकटलेले होते. हलवले तर दगडासारखे, तोंडावर कागदी पापुद्रा. बादलीत कोमट पाणी शिंपडून ठेवले, तर अर्ध्या तासात त्यातल्या दोघींनी शिंगं बाहेर काढली.

अंडी शोधायची तर वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने अलगद उकरा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, किंचित पिवळसर दाणे एकाच जागी गठ्ठ्याने दिसतात. रासायनिक खताचे पांढरे दाणेही मातीत असतात, पण ते बोटाने दाबले की भुगा होतो, अंडं फुटून ओलं होतं. हे सगळं हातमोजे घालून करा. शंखी गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. लहान मुलांना हे काम ‘गंमत’ म्हणून देऊ नका आणि अशा बागेतली पालेभाजी कच्ची खाऊ नका.

पिठ्या ढेकणासाठी रात्रीची वाट पाहायला नको. जास्वंदीच्या शेंड्याशी, फांदी फुटते त्या बेचक्यात, कुंडीच्या काठाच्या आतल्या बाजूला पांढरा कापूस दिसतो. मुंग्यांची रांग ज्या कुंडीवर चढते ती कुंडी आधी पाहा. पण खरी चोरी मुळांत असते. अडेनियम, कोरफड, निवडुंग अशी झाडं कुंडीतून मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर ती नखाने चिरडून बघा. बुरशी असेल तर नुसती पुसली जाते. चिकट लागलं, त्यात बारीक अंग जाणवलं, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. फवारणीने तो जात नाही.

चक्राकार पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला गोल-गोल वळणात मेणचट पांढरी अंडी घालते, आणि खालच्या पानांवर काळी बुरशी चढते. पान उलटलं की ओळख पटते.

आणखी एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. टोमॅटो, वांगी, भेंडीचं एक जुनं झाड उपटून मुळं बादलीत धुवा. मुळांवर गाठी दिसल्या तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी, आहेत. हे काही परदेशी पाहुणे नव्हेत, पण मातीबरोबर जातात आणि नव्या जागी वर्षानुवर्षं राहतात. घेवडा, वाल, चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, त्यांना घाबरू नका. त्या नत्र धरून ठेवणाऱ्या जिवाणूंच्या असतात, बोटाने सहज सुटतात आणि कापल्या तर आत गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटून येत नाही.

निकाल लावणे

तपासणी झाली की वहीत प्रत्येक आकड्यापुढे निकाल लिहा. माझा नियम सरळ आहे. एका कुंडीत गोगलगाय किंवा अंडी सापडली तर त्या बाल्कनीतली सगळी माती बाद. गोगलगाय रात्रभरात इकडून तिकडे सहज जाते, त्यामुळे शेजारची कुंडी स्वच्छ आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. पिठ्या ढेकूण आणि पांढऱ्या माशीच्या बाबतीत थोडी सूट देता येते. लागण झालेली झाडं बाद, त्यांना लागून असलेली संशयित, आणि घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या बाल्कनीत असलेली झाडं तीन-चार आठवडे वेगळी ठेवून पाहायची.

झाडाचं वय, किंमत, कुणी दिलं, हे निकालात आणू नका. आजीच्या हातचा मोगरा असेल तर त्याची छाटकलम घेऊ, ते पुढे येतंच आहे. पण आजीच्या हातची माती तिथेच राहील.

निकाल लागल्या दिवसापासून देवाणघेवाण बंद. याच काळात लोक मागायला येतात. ‘काकू, तुम्ही जाताय ना, ती लाल जास्वंद मला द्या की,’ असं खालच्या मजल्यावरची मुलगी म्हणते आणि नाही म्हणणं जड जातं. तिला खरं सांगा: ‘अगं, तिला कीड लागलीय, तुझ्या गुलाबावर येईल. तुला धुतलेली फांदी देते, पाण्यात मूळ धरलं की लाव.’ लोक समजून घेतात. कीड लपवून दिलेली कुंडी मात्र महिन्याभरात तुमचं नाव खराब करते.

बी धरून ठेवा, हीच खरी बाग

पुढचे तीन-चार आठवडे खत घालणं, छाटणी, फवारे सगळं थांबवा आणि बी पिकू द्या. गोकर्ण, झेंडू, वाल, घेवडा, भेंडी यांच्या शेंगा आणि फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्या. पालक आणि मेथी फुलोऱ्यावर जाऊ द्या. मिरची लालबुंद करून बी काढा. वांगं भाजीच्या अवस्थेत बी देत नाही, ते पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवावं लागतं. टोमॅटोचा गर काचेच्या पेल्यात थोड्या पाण्यासह दोन-तीन दिवस आंबवा. वर फेस आला की भरपूर पाण्यात धुवा, तळाशी बसलेलं बी घ्या आणि चिनीमातीच्या बशीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं.

कडधान्याच्या बियांत भुंगेरे असतात. ते बी खडखडीत वाळल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत बाष्प धरतं.

कढीपत्त्याचं बी साठवून चालत नाही. काळी पिकलेली फळं तोडून गर काढला की ते ताजंच, आठवड्याच्या आत लावायला हवं. म्हणून कढीपत्त्यापुरतं एवढंच: मूळ झाडाला हात जोडा, फळं असतील तर जायच्या आदल्या दिवशी तोडा आणि नव्या घरी नव्या मातीत पेरा. फळं नसतील तर नर्सरीतून नवं रोप घ्या. तीन वर्षांच्या कढीपत्त्याची सगळी माती धुऊन तो जगवायचा प्रयत्न बहुधा फसतो.

तुळशीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. कीड लागलेली तुळससुद्धा कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. वाळलेल्या मंजिऱ्या खुडून, चोळून बी काढून घ्या. एका मंजिरीत चार घरांना पुरेल एवढं बी असतं. झाड उपटून मुळं स्वच्छ धुवा, उन्हात कडक वाळवा. वाळलेल्या काड्यांत यातली कुठलीच कीड टिकत नाही, त्या देव्हाऱ्याशी ठेवता येतात. वृंदावन न्यायचं असेल तर रिकामं करून, धुऊन न्या.

कलमं आणि धुतलेली मुळं

मोगरा, जास्वंद, अबोली, अनंत यांच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या घ्या. सगळी पानं काढा, शेंडा काढा. पानं आणि शेंडा ठेवून नेलेलं कलम म्हणजे पिठ्या ढेकणाला दिलेलं तिकीट. साबणाच्या सौम्य पाण्यात जुन्या टूथब्रशने प्रत्येक डोळा घासा, साध्या पाण्याने धुवा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरा. घासताना एकाही डोळ्यात पांढरं दिसलं तर ती फांदी सोडून द्या, दुसरी घ्या.

मुळं धुऊन न्यायची मुभा थोड्याच झाडांना आहे: स्नेक प्लांट, मनी प्लांट, झीझी, कोरफड, अडेनियम, चाफ्याचं छोटं रोप. तीन बादल्या मांडा. पहिलीत माती सोडवा, दुसरीत मुळं खळखळून धुवा, तिसरीतलं पाणी स्वच्छ राहीपर्यंत थांबू नका. तिन्ही बादल्यांतलं पाणी जुन्या सुती कापडातून गाळा, म्हणजे अंडी आणि गाळ नाल्यात जात नाही. मांसल झाडं धुतल्यावर दोन-तीन दिवस सावलीत कोरडी पडू द्या, नाहीतर मुळं सडतात. बोगनवेलीची मुळं मात्र उघडी करू नका, ती रुसते आणि बहुधा मरते. मुळांवर पिठ्या ढेकूण सापडलेल्या झाडाला ही सवलत नाही.

गोगलगायींचा निकाल

आता अप्रिय भाग. बादलीत पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवा. तळाशी मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालत राहा. हातमोज्यांनी किंवा चिमट्याने गोगलगायी आणि पिल्लं त्यात टाका, झाकण लावा, वर वजन ठेवा. त्या चढून बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी पाणी संडासात ओता, मेलेले शंख दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. अंडी थेट उकळत्या पाण्यात. मीठ कुंडीच्या मातीवर शिंपडू नका. त्याने माती कायमची बिघडते आणि खालच्या गोगलगायींना धक्काही लागत नाही.

बाजारात गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाईडच्या विषारी गोळ्या मिळतात आणि शेतात त्यांचा उपयोग आहे. बाल्कनीत त्या वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत. कुत्र्या-मांजरांना त्या जीवघेण्या ठरतात, आणि दहा कुंड्यांसाठी हात आणि टॉर्च पुरेसे आहेत. जिवंत गोगलगायी टेकडीवर, नदीकाठी ‘सोडून’ येणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग. भूतदया म्हणून केलेल्या या उद्योगाची किंमत त्या टेकडीखालचा शेतकरी मोजतो.

झाडं संपवायची

बाद ठरलेली झाडं जायच्या साधारण तीन आठवडे आधी एकाच दिवशी कापा. आधी फांद्यांवर साबणाचं पाणी मारून घ्या, म्हणजे कापताना पांढऱ्या माश्या उडून शेजारच्या बाल्कनीत जात नाहीत. बारीक तुकडे जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि कडक उन्हात ठेवा. उन्हाळ्यात आठवडाभरात आतला पाला शिजल्यासारखा होतो. मग तो द्यायचा.

कुणाला द्यायचा? घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी बागेचा कचरा वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे द्यायला सांगितलं आहे, आणि तो रस्त्यावर टाकायला, जाळायला किंवा सार्वजनिक जागेत पुरायला बंदी केली आहे. तुमच्या प्रभागात तो कुठल्या वारी, कुठल्या गाडीत घेतात हे सोसायटीच्या मॅनेजरला विचारा. सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकायचा मोह होईल. तो खड्डा आतून हात लागू नये इतका तापत असेल तरच टाका. बहुतेक सोसायट्यांचे खड्डे कोमटच असतात, तिथे कीड मरत नाही, पुढच्या हंगामात खताबरोबर सगळ्यांना वाटली जाते.

मातीचं काम

माती सोबत न्यायची नाही, हे पुन्हा सांगते. तसंही मोठी भरलेली कुंडी एकट्याने उचलवत नाही, आणि पॅकर्सवाले झाडांच्या नुकसानीची जबाबदारी सहसा घेत नाहीत. पण मागे ठेवलेली माती तरी जिवंत कीड घेऊन राहू नये.

मार्च ते मे हा त्यासाठी हुकमी काळ. मातीतली मुळं, काटक्या, शंख काढून टाका. माती हलकी ओलसर करा. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. ओलावा महत्त्वाचा, कारण कोरड्या मातीत उष्णता नीट खोलवर जात नाही. ही माती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वीतभर जाडीची सपाट भरा, तोंड बांधा आणि वरून आणखी एक पारदर्शक प्लॅस्टिक थोडी हवा राहील असं अंथरा. कडा विटांनी दाबा. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकातून ऊन आत शिरतं. दुहेरी थराखाली माती सत्तर अंशांवर अर्धा तास किंवा साठ अंशांवर तासभर राहिली तर बहुतेक किडी, सूत्रकृमी आणि तणांचं बी मरतं. गच्चीच्या फरशीवर मे महिन्यात हे तापमान गाठता येतं. तापमापी नसेल तर निघायच्या आदल्या दिवसापर्यंत तशीच राहू द्या, मध्ये एकदा पिशव्या उलटा. गच्चीवर ठेवण्याआधी सेक्रेटरींना विचारा, आणि सगळ्या पिशव्या एकाच जागी रचू नका, स्लॅबवर भार येतो.

पावसाळ्यात घर सोडत असाल तर उन्हाचा भरवसा नाही. मग माती आडोशाला पातळ पसरून चाळा, अंड्यांचे गठ्ठे चाळणीवर राहतात. चाळलेली माती थोडी थोडी पत्र्याच्या डब्यात घेऊन वरून उकळतं पाणी घाला. तळाच्या भोकातून वाफाळतं पाणी बाहेर आलं म्हणजे उष्णता आरपार गेली. थंड झाल्यावर पुन्हा एकदा. वीस कुंड्यांची माती असेल तर यात दोन रविवार जातात, गॅसही जळतो, पण दुसरा चांगला मार्ग नाही.

अशी माती त्याच आवारात, त्याच सोसायटीच्या वाफ्यात टाका. तिथे ती कीड आधीपासूनच आहे, नवीन काही पोचत नाही. टेकडी, नाला, रस्त्याकडेचं झाड, मोकळा प्लॉट, यातलं काहीही नको.

कुंड्या आणि हत्यारं

कुंड्या नेता येतात, पण धुऊन. प्लॅस्टिक आणि सिरॅमिकच्या कुंड्या ब्रशने घासा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. मातीच्या कुंड्यांना बारीक छिद्रं असतात, त्यांच्यावर उकळतं पाणी ओता आणि आठवडाभर उन्हात उलट्या ठेवा. तडा गेलेली कुंडी टाका, फटीत अंडी राहतात. ग्रोबॅग, काथ्याच्या काठ्या, काथ्याची अस्तरं, बांबूचे आधार, सुतळ्या या गोष्टी न्यायच्याच नाहीत. त्यांच्या पोकळीत पिठ्या ढेकूण इतका आत बसतो की धुऊन निघत नाही. लोखंडी स्टँडच्या नळ्यांची टोकं उघडी असतील तर टॉर्च मारून आत बघा. खुरपी, कात्री, झारी धुऊन पुसून घ्या.

सगळं धुतलेलं सामान शेवटच्या दिवसांत बाल्कनीत परत ठेवू नका. घरात, खोक्यात, टेप लावून.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणि परदेशात घर बदलणाऱ्यांसाठी

भारताबाहेर जाताना माती आणि जिवंत झाड हा विषयच सोडून द्या. बियांनासुद्धा बहुतेक देशांत आगाऊ परवानगी किंवा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला उतरताना ते जाहीर केलं नाही तर दंड होतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी मात्र एक खास बाब. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडातल्या अंगणातला कढीपत्ता दुसऱ्या राज्यात नेणं हे कायद्याचं प्रकरण आहे. लिंबूवर्गीय झाडांवरची सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावर राहते आणि संत्र्या-मोसंबीला मारणारा ग्रीनिंग रोग पसरवते. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला. कॅलिफोर्नियात कीड २००८ मध्ये, रोग २०१२ मध्ये. तेव्हापासून विलगीकरण क्षेत्रातून, म्हणजे कीड पसरू नये म्हणून बंधनं घातलेल्या भागातून, कढीपत्त्याचं झाड बाहेर काढता येत नाही, आणि निर्बंध ताज्या पानांनाही लागू आहेत. कढीपत्त्याला स्वतःला तो रोग होत नाही, त्यामुळे झाड हिरवंगार दिसतं आणि ‘यात काय आहे’ असं वाटतं. सॅन होजेहून सिऍटलला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर कुंडी ठेवण्याआधी आपल्या काउंटीच्या कृषी कार्यालयाला फोन करा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातून निघणाऱ्यांनी कुंड्या, बाहेरच्या खुर्च्या, बार्बेक्यू यांच्या खालच्या बाजू तपासायच्या. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडलेली लँटर्नफ्लाय ही कीड तिथे मातकट रंगाच्या थरात अंडी घालते आणि ती सपाट पृष्ठभागावर वाळल्या चिखलासारखी दिसतात.

नव्या घरात

पहिला महिना बाल्कनी रिकामी ठेवा, म्हणजे तिथे आधीपासून काय राहतंय ते कळेल. एकदा रात्री गुळाचं गोणपाट तिथेही पसरा. सोबत आणलेली कलमं आणि धुतलेली रोपं खिडकीत, वेगळ्या ताटलीत, कोकोपीटमध्ये लावा आणि तीन-चार आठवडे दर दोन दिवसांनी पानांखाली पाहा. कोकोपीट आणि खत नव्या गावातूनच, बंद पोत्यातलं घ्या.

आणि नर्सरीतून पहिलं रोप आणताना काळी पिशवी तिथेच उलटी करून खालची भोकं बघा. रोपवाले दादा घाईत असतील, ‘अहो ताई, एकदम फ्रेश माल आहे,’ म्हणतील. तरी बघा. घरी आणलं की पिशवी फाडून वरची दोन इंच माती काढून टाका, मुळांचा गोळा बादलीत तासभर पूर्ण बुडवून ठेवा. आत दडलेली गोगलगाय असेल तर गुदमरून वर येते.